नऊ टक्के आणि अकरावा खांब

माझ्या गाडीत पेट्रोलचा काटा नाही. त्या जागी एक आकडा आहे. तो शंभरावरून निघतो आणि खाली खाली येत राहतो, आणि त्याला उतरताना बघत बसायचं व्यसन मला गेल्या वर्षभरात लागलं आहे. मी तेहतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे आकडा दिसला की त्याचं काहीतरी करायचंच ही खोड जुनी. एका टक्क्याला दीड किलोमीटर आणि वर थोडं, चढाला त्याच्या निम्म्याहून कमी, एसीचं वेगळं वजा करायचं. आमचे हे म्हणतात, "तू गाडी चालवत नाहीस, पेपर तपासतेस." म्हणून ते या प्रवासाला आलेच नाहीत. आले ते माझे वडील.

आप्पा चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. जन्मभर वीज मंडळात लाइनमन होते. आता त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या ऐन मधोमध डाग पडला आहे. समोर उभा राहिलेला माणूस पुसल्यासारखा होतो आणि कडेकडेचं तेवढं दिसतं, तेही लख्ख ऊन असलं तर. चैत्रात डॉक्टरांनी सांगितलं की आहे ते किती दिवस टिकेल याचा भरवसा नाही. घरी आल्यावर आप्पा चपला न काढताच खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मला भोकरवाडीचा खांब बघायचाय. दिसतंय तोवर."

ही भोकरवाडी टोकावड्याच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी असलेली ठाकरांची लहानशी वाडी. चाळीसएक वर्षांपूर्वी आप्पांच्या टोळीने तिकडे लाइन नेली होती. मंजूर झाले होते अकरा खांब. अकरावा खांब वाडीच्या खाली, एका आंब्यापाशी उभा राहिला आणि काम संपलं. वाडी अजून वर होती, आणखी तीन खांब तरी लागले असते. वाडीतली माणसं जमून बघत होती. आप्पा त्यांना म्हणाले, पुढच्या उन्हाळ्यात वर आणतो. तो उन्हाळा यायच्या आधीच त्यांची बदली झाली. "मग परत कधी गेला नाहीत?" असं मी एकदा विचारलं होतं. "काय तोंड घेऊन जाऊ?" म्हणाले. या माणसाने आयुष्यात हजारो खांब उभे केले असतील, पण झोप उडवणारा खांब एवढा एकच होता.

तर असा हा प्रवास. आकड्यांच्या नादात हे सांगायचं राहून जाईल म्हणून आधी सांगून टाकलं.

शहापूर, तानसा

गाडी लहान, सेकंड हँड, बॅटरीचं वय झालेलं. कंपनीच्या छापील कागदावरचा पल्ला मी नवऱ्यामुलाच्या पगारासारखा धरते, म्हणजे सांगितल्याच्या बराच खाली. डोंबिवलीहून शंभर टक्क्यांवर निघालो आणि शहापूरला हायवेवरच्या ढाब्यावर चार्जरला लावली तेव्हा सत्तर होते. चार्जर चालू होता. त्याचा मला इतका आनंद झाला की मी आप्पांना दोन वेळा सांगितलं.

गाडी चार्ज होत असताना भोवती माणसं जमतातच. एक ट्रकवाले काका चहा घेऊन आले, गाडीभोवती एक फेरी मारली, आणि सगळे विचारतात तेच त्यांनी विचारलं, "मधीच संपली तर?"

"तर थांबायचं," आप्पा आतून म्हणाले.

"आन् मग?"

"जिथं तार असेल तिथं माणसं असतात."

काकांना हे उत्तर पटलं असावं. त्यांनी आप्पांसाठीही चहा सांगितला.

आमच्या सोसायटीत पार्किंगमध्ये एक प्लग बसवायला सात महिने लागले होते. तीन सभा झाल्या, दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं, आणि शेवटी प्लग बसला तो कुलूपबंद पेटीत. ते आठवून मला ढाब्यावर उगाचच हसू येत होतं. नव्वद टक्के झाल्यावर निघालो आणि मी एक चैन केली. तानशाकडे गाडी वळवली. हिशोबात ती बसत नव्हती, पण इतक्या जवळ येऊन तलाव न बघता जाणं माझ्याने झालं नाही.

जंगलातून रस्ता जातो. साग निष्पर्ण उभे, खाली पाचोळा, आणि गाडीला आवाज नाही. इलेक्ट्रिक गाडीचं हे एक सुख कुणी आधी सांगत नाही. काच खाली केली की पाचोळ्यातून सरडा पळाला तरी ऐकू येतं. बांधावर पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. समोर एवढं पाणी, आणि तेही वैशाखाच्या तोंडाशी!  जन्मभर नळ सोडून मोकळी झालेली मी बाई, नळ अशाच एखाद्या तलावापाशी सुरू होतो हे पुस्तकात शिकवलं होतं, पाहिलं नव्हतं. आप्पांना ते पाणी दिसलं नसणार, पण त्यांनी तोंडावर वारा घेतला आणि म्हणाले, "गार आहे. बरंच पाणी आहे अजून." आम्ही अर्धा तास नुसते उभे होतो.

शेणवा

मुक्काम शेणव्याला होता. नंदा, माझ्या जुन्या शाळेतली सहकारी, आता तिथल्या शाळेत शिकवते. तिच्या घरी पोचलो तेव्हा आकडा एकोणपन्नासवर आला होता. खिडकीतून वायर आत घेऊन पंख्याशेजारच्या प्लगला चार्जर लावला. नंदाच्या सासूबाईंनी गाडीला हळदकुंकू लावलं, वायरीकडे बघितलं आणि मला विचारलं, "रातभर खाते का गो ही?"

"रात्रभर," मी म्हटलं.

"म्हशीवानी," त्या म्हणाल्या, आणि मग गाडीकडे त्यांनी जरा आपलेपणाने पाहिलं.

जेवायला वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी आणि कैरीची आंबटगोड आमटी. बिरड्याला आमच्याकडे गूळ पडतो, इथे पडत नाही, आणि मी हे घरी कबूल करणार नाही पण इथलं चांगलं होतं. जेवणं चालू असतानाच वारा सुटला, कुठेतरी फांदी तारेवर पडली आणि लाइट गेले ते सकाळीच आले. उठून आधी गाडी बघितली. साठ. मला शंभर हवे होते.

नंदा म्हणाली, दुपारपर्यंत थांबा, भरेल. थांबले असते तर बरंच सोपं झालं असतं. पण भोकरवाडीला संध्याकाळी पोचलो तर आप्पांना खांब दिसला नसता, आणि आप्पा आंघोळ करून, टोपी घालून, गाडीच्या दाराला हात लावून उभे होते. माझ्या मोबाइलवरचा नकाशा टोकावड्याला एका हॉटेलात चार्जर दाखवत होता. तिथे भरून घेऊ म्हटलं आणि निघालो.

टोकावडे

किन्हवलीवरून सरळगावला आलो की माळशेजचा रस्ता लागतो, आणि मग समोर सह्याद्री येतो. येतो म्हणजे काय, तो असतोच, आपणच त्याच्या पुढ्यात जाऊन पडतो. आमच्या डोंबिवलीहूनही डोंगर दिसतात, गच्चीवर कपडे वाळत घालताना मी ते रोज बघते. पण ही या टोकापासून त्या टोकापर्यंत उभी भिंत होती, वरची कड सुतात धरल्यासारखी, आणि तिच्यापुढे टोकावड्याकडे निघालेली लाल एसटी काडेपेटीएवढी. मी गाडी बाजूला घेतली. आप्पांनी मान तिरपी केली, कोंबडी दाणा बघते तशी, कारण त्यांना आता तसंच दिसतं. "ही मात्र दिसली," ते म्हणाले. "हिच्याएवढं मोठं असलं की दिसतं." मला एकदम भरून आलं.

टोकावड्याला हॉटेल सापडलं. चार्जरची पेटीही सापडली. तिच्यावर दोन टॉवेल आणि एक ॲप्रन वाळत होता.

"हे चालू आहे का?" मी मालकांना विचारलं.

"नाय ओ."

"पण मोबाइलमध्ये चालू दाखवतंय."

"मोबाइलमधी चालूच हाय," मालक शांतपणे म्हणाले. "हितं नाय. जेवणार का?"

जेवलो. सुकटीची चटणी, भाकरी, कांदा. चटणी झकास होती, पण माझं लक्ष आकड्यावर होतं. एकतीस टक्के. मागे मुरबाडला चालू चार्जर होता, तिथवर सतरा-अठरा टक्के लागले असते, म्हणजे आरामात पोचलो असतो. पुढे भोकरवाडी अठरा किलोमीटर, त्यातले शेवटचे सहा उभ्या चढाचे. तिथे पोचेपर्यंत आठ-दहा उरले असते आणि तेवढ्यावर परत मुरबाड गाठणं अशक्य होतं. फळ्यावर मांडावं इतकं स्वच्छ गणित होतं. मुरबाडला जाऊन भरून परत यायचं तर दुपार टळली असती आणि ऊन गेलं असतं. मग उद्या. आणि उद्या डोळे असे असतीलच याचा भरवसा डॉक्टरांनीच दिला नव्हता.

मी आप्पांना सगळे आकडे सांगितले. वर्गात सांगतात तसे. त्यांनी ऐकून घेतलं.

"वाडीत लाइट आहे का आता?" त्यांनी मालकांना विचारलं.

"हाय ना. कवाची हाय. गिरणबी हाय बाळूची."

 वाडीत लाइट पोचली, हे आप्पांना चाळीस वर्षांनी, एका हॉटेलात, सुकटीच्या ताटावर कळत होतं. त्यांनी हात धुतले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू गणिताची बाई आहेस. तू ठरव."

मी ठरवलं. आयुष्यात पहिल्यांदा उत्तर चुकणार हे माहीत असताना मी ते लिहिलं. एसी बंद केला, काचा उघडल्या आणि गाडी डोंगराकडे घातली.

भोकरवाडी

चढावर आकडा असा उतरतो की बघवत नाही. दोन वळणं, एक टक्का. आणखी दोन वळणं, एक टक्का. मी दात आवळून चालवत होते. आणि आप्पा काच उघडी टाकून करवंदीच्या जाळ्यांचा वास घेत बसले होते. मध्येच म्हणाले, "थांब जरा. तार ऐकू येतेय."

मला काहीच ऐकू येत नव्हतं. गाडी थांबवली. गाडीला आवाज नसल्यामुळे ती थांबली तरी काही बदललं नाही. मग हळूहळू मलाही ऐकू आलं, वर, फांद्यांच्या मागे, एक बारीक गुणगुण.

"मोठी लाइन," आप्पा म्हणाले. "इथं रस्ता ओलांडून डावीकडे जाते. म्हणजे वाडी आता डाव्या हाताला." वाडी डाव्या हातालाच निघाली. पेट्रोलच्या गाडीतून आलो असतो तर हे आम्हाला कळलंच नसतं. मी या माणसाच्या घरात वाढले आणि तारेला आवाज असतो हे मला एकोणसाठाव्या वर्षी कळलं.

वाडीत पोचलो तेव्हा दोन वाजत आले होते. नऊ टक्के. वीसपंचवीस घरं, शेणाने सारवलेली स्वच्छ अंगणं, एका टोकाला बाळूची पिठाची गिरण. बाळू चाळिशीचा, पांढऱ्या पिठाने भरलेल्या भुवयांचा. मी त्याला अडचण सांगितली. त्याने एका वाक्यात गिरण बंद केली, पंचायतीची पाण्याची मोटर बंद करायला कुणाला तरी हाक दिली, कारण वाडीच्या डीपीवर, म्हणजे छोट्या ट्रान्सफॉर्मरवर, एका वेळी एकच जड काम चालतं, आणि म्हणाला, "लावा तुमची गाडी." सभा नाही, कुलूप नाही. गिरणीसमोर दळणाचे डबे घेऊन चार बाया रांगेत होत्या. त्याही डब्यांवर बसून गाडी बघायला लागल्या.

मी चार्जर लावला. लाल दिवा. काढून परत लावला. लाल.

"काय झालं?" आप्पांनी गाडीतून विचारलं.

"लाल आहे. घेत नाहीये."

आप्पा काठी टेकत खाली उतरले. गिरणीपाशी आले तेव्हा त्यांचा पाय एका लाकडी फळीला लागला. "ही फळी कशाला इथं?"

"दळताना हिच्यावर उभं ऱ्हायाचं," रांगेतली एक बाई म्हणाली. सगळ्या तिला सोनीबाई म्हणत होत्या. साठीच्या पुढची, हातभर बांगड्या, डोळे मिश्कील. "नायतर गिरण झटका देते. आमाला सवय हाय."

आप्पा संतापले. इतक्या दिवसांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. "सवय? बायका फळीवर उभ्या राहून दळतात? अर्थिंग कुठंय या गिरणीला?" बाळूने मान खाली घातली. मग आप्पा माझ्याकडे वळले. "तुझी गाडी शहाणी आहे. प्लगाला जमिनीची तार नाही म्हणून ती वीज घेत नाही. बिघाड झाला तर वीज जायला वाट पाहिजे. ती आधी करू, मग गाडीचं बघू."

आणि माझ्या आंधळ्या होत चाललेल्या वडिलांनी ती सगळी वाडी कामाला लावली.

"भांडी कुठं घासता?" हा त्यांचा पहिला प्रश्न. बाया हसल्या. सोनीबाईने गिरणीच्या मागची न्हाणी दाखवली. आप्पांनी तिथली माती चिमटीत घेऊन चोळली. "इथं खणा. इथं ओल धरते." दोन गड्यांनी पहारीने खणायला घेतलं. कंबरेइतकं खोल गेल्यावर मुरूम लागला. तुटलेल्या हातपंपाचा एक पाइप मिळाला, तो खड्ड्यात उभा केला. आप्पा म्हणाले, आता कोळसा आणि मीठ, ओल धरून ठेवायला. घराघरांतून कोळसा आला, चुलीतला, पाटीभर, तव्यावरून. मीठ आलं, जाडं मीठ, कुणाच्या वाटीत, कुणाच्या पदरात. आप्पा खड्ड्याच्या काठावर बसून थर घालून घेत होते. एक थर कोळशाचा, एक मिठाचा. त्यांना खड्डा दिसत नव्हता, पण हाताने चाचपून ते सांगत होते, इथं पोकळ राहिलंय, इथं दाबा.

"बल्ब आहे का जुना? तारेचा?"

बाळूकडे कोंबडीच्या पिल्लांना ऊब द्यायला लावलेला शंभरचा बल्ब होता. आप्पांनी त्याची एक तार प्लगाला आणि एक पाइपाला जोडायला लावली. "बघा. जमिनीने वीज नीट घेतली तर पांढरा लागेल. कसा लागतो?"

"तांबडा," बाळू म्हणाला. "विस्तवावानी."

"मग जमीन कोरडी आहे. पाणी लागेल."

 वैशाख तोंडावर आलेला. वाडीची विहीर खाली, उतरून चढून यायला अर्धा तास लागतो, आणि पंचायतीची मोटर एक दिवसाआड पाणी देते. आदल्या दिवशी मी तानशाच्या बांधावर उभी होते. मी म्हटलं, गाडीत आमच्या पाण्याचा पाच लिटरचा कॅन आहे, तो ओता.

"ते म्हाताऱ्यांला पेयाला ऱ्हाऊ द्या," सोनीबाई म्हणाली. ती घरात गेली आणि डोक्यावर भरलेला हंडा घेऊन आली. एका अनोळखी बाईच्या गाडीसाठी तिने तो हंडा खड्ड्यात उपडा केला. पाणी क्षणात जिरलं. मग दुसऱ्या घरातून कळशी आली. मग तिसऱ्या. मला त्या पाण्याकडे बघवेना आणि नजरही काढता येईना. असं देणं मी माझ्या आयुष्यात पाहिलेलं नाही, आणि मी तसं दिलेलंही नाही.

"आता?" आप्पांनी विचारलं.

बाळूने बटण दाबलं. बल्ब पांढराफेक लागला. इतका की उन्हातही डोळे दिपले. आप्पांनी मान तिरपी केली. त्यांना तो दिसला असावा, कारण ते हसले.

गिरणीच्या अंगाला तार जोडली, प्लगाला जोडली, मी चार्जर लावला आणि दिवा हिरवा झाला. वाडीने टाळ्या वाजवल्या. मी वाकून आप्पांच्या पाया पडले, काय करावं ते न सुचून.

आंब्यापाशी

या सगळ्या वेळात आप्पांनी आपण कोण ते सांगितलं नव्हतं. मी दोनदा सांगायला गेले तेव्हा त्यांनी माझा हात दाबला. "लाइनमन होतो," एवढंच म्हणाले. त्यांना शरम वाटत होती. ते खांब बघायला आले होते, माणसांना तोंड दाखवायला नाही.

सोनीबाई मात्र त्या बल्बाकडे बघत बसली होती. "असाच बल्ब व्हता आमच्या खांबाला," ती म्हणाली. "खालच्या आंब्यापाशी. तारवाले लावून गेलेले. वर लाइट आणतो बोलले, आन् जाताना बल्ब लावून गेले."

बल्बाचं आप्पांनी मला कधीच सांगितलं नव्हतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पडला होता. "नियमात बसत नव्हतं," ते पुटपुटले. "नुसता खांब सोडून जायला बरं वाटेना."

सोनीबाईने मान वर केली. मला राहवलं नाही. "हेच ते तारवाले," मी म्हटलं.

 मग आप्पाच म्हणाले, हात जोडून, त्या चाळीस वर्षांपूर्वी बघितलेल्या आणि आता न दिसणाऱ्या सगळ्या वाडीला, "मी येतो म्हणालो होतो. आलो नाही."

"आता आलात की," सोनीबाई म्हणाली, जणू आप्पा बाजाराला जाऊन आले होते. "चला, उठा. खांब बघायला चला. ऊन हाय तवर."

वाट उतरणीची होती. एका बाजूने मी, एका बाजूने बाळू, पुढे सोनीबाई. गाडी वर गिरणीपाशी वीज पीत होती आणि मला तिचा आकडा एकदाही आठवला नाही, हे परत आल्यावर माझ्या लक्षात आलं. आंबा अजून होता. त्याच्याशेजारी तो लोखंडी खांब, आणि त्याच्यावरून तार पुढे, वर, वाडीकडे गेलेली.

खांब पिवळा होता. कंबरेपासून डोक्यापर्यंत हळदीच्या हातांनी माखलेला, जुन्या हातांवर नवे हात.

"लाइट वर यायला नऊ पावसाळे गेले," सोनीबाई सांगू लागली. "तवर वाडीतलं समदं लगीन हितंच लागलं. उजेड हितंच व्हता ना. पैलं लगीन माझं. बल्ब गेला का नवरदेवानं टोकावड्याहून नवा आणायचा, अशी रीत पडली. आता घराघरात लाइट हाय. तरी नवरानवरी पैली हितं येतात. हळद लावतात. नवरदेव बल्ब आणतो, अजून."

खरंच, हात पोचेल एवढ्या उंचीवर एक होल्डर होता आणि त्यात नवा, पांढरा बल्ब.

आप्पा खांबापाशी गेले. कंबरेच्या जरा वर बोटं फिरवली, हळदीच्या थराखाली काहीतरी शोधलं, आणि ते सापडलं. छिन्नीने ठोकलेल्या दोन उभ्या रेघा. अकरा. ती खूण त्यांच्या हातची होती. मग ते दोन पावलं मागे सरले, मान तिरपी केली, आणि उतरत्या उन्हात तो पिवळा खांब कडेच्या नजरेने, बुंध्यापासून टोकापर्यंत, बघत राहिले. किती वेळ ते मी मोजलं नाही. चाळीस वर्षं या माणसाला वाटत होतं की आपण इथे एक अपुरं काम सोडून आलो, आणि इथल्या माणसांनी त्या अपुऱ्या कामाखाली मांडव घातले होते. मी रडत होते. सोनीबाई मला म्हणाली, "गप गो, तुज्या बापाला बघू दे."

त्या रात्री वाडीतच राहिलो. नाचणीची भाकरी, मिरचीचा ठेचा, करवंदं. आप्पांच्या बोटांची हळद निघाली नाही आणि त्यांनी ती धुवायचा फारसा प्रयत्नही केला नाही.

परत

सकाळी आकडा चौऱ्याऐंशी होता. आप्पांना सांगितलं तर म्हणाले, "माझ्या वयाएवढी झाली." बाळूची गिरण चालू होती आणि बाया जमिनीवर अनवाणी उभ्या राहून दळत होत्या. फळी कुणीतरी कोंबड्यांच्या खुराड्याला लावून टाकली होती. निघताना आप्पांनी सोनीबाईला बजावलं, "खड्डा कोरडा पडू देऊ नका. उन्हाळ्यात अधूनमधून पाणी घाला."

उतारावर गाडी स्वतःच वीज तयार करते. चाकं मोटर फिरवतात आणि आकडा खाली यायच्याऐवजी वर जातो. हे मला माहीत होतं, पुस्तकात वाचलं होतं, पण त्या सहा किलोमीटरच्या उतारावर चौऱ्याऐंशीचे शहाऐंशी झाले तेव्हा मी हसायला लागले. चढताना रडत दिलेल्यातलं थोडं डोंगराने परत केलं. आप्पांनी विचारलं काय झालं. सांगितलं. त्यांना त्याचं काहीच नवल वाटलं नाही.

परत आल्याला महिना होत आला. आप्पांच्या डोळ्यांतलं कडेचंही आता विरळ होत चाललं आहे. गेल्या आठवड्यात बाळूचा फोन आला. वाडीत लग्न झालं होतं. नवरदेवाने बल्ब आणला, खांबाला हळद लागली. "आन् एक नवीन केलं," तो म्हणाला. "नवरीच्या हळदीच्या आंघोळीचं पाणी आप्पांच्या खड्ड्यात सोडलं. सोनीबाई बोलली, तारवाल्यांचा खड्डा हाय, कोरडा नाय ठेवायचा. चालेल ना, त्यांला विचारा."

फोन स्पीकरवर होता.  आप्पांनी घसा साफ केला आणि कामावर असल्यासारखं उत्तर दिलं.

"हळदीने काही होत नाही म्हणावं. मीठ आहेच. ओल राहिली म्हणजे झालं."